अक्काचे विमानवाले दीर

माणसं बसतात कशी, याचं एवढं कुतूहल असलेला दुसरा प्राणी अख्ख्या महाराष्ट्रात झाला नसेल. हे गृहस्थ म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, धाकटे दीर. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. पुढे परदेशात विमानं आखायला शिकून आले, तरी मुक्काम तिच्याच पिंपरीच्या दोन खोल्यांत. मुंबई-दिल्लीच्या बड्या विमानांत त्यांना रस नव्हता. बारामती, लातूर, सावंतवाडी अशा गावांना जोडणारं, एस.टी.सारखं वाटेत थांबत जाणारं छोटं विमान त्यांना करायचं होतं. पिंपरीला तेव्हा कारखान्यांच्या भिंती नुकत्या उभ्या राहत होत्या, आणि हे ओसरीवर बसून पाहुण्यांना विचारत, "आत शिरताना आधी कुठला पाय टाकता हो?" पंगतीत स्वारी वरणभात गार होऊ देऊन शेजाऱ्याच्या मांडीला टेप लावायची. घरी आलेले जावईबापूसुद्धा यातून सुटले नाहीत. एकदा भोसरीच्या बाजारात त्यांनी गाठोडंवाल्या बाईला गाठलं. "बाई, गाडीत हे मांडीवर घेता की पायाशी?"

"तुमाला कशाला वो नसती पंचाईत?"

"विमानात जागा करायचीय."

"मंग माज्या कोंबड्यांची बी करा!"

त्यांनी खरंच केली. विमानाच्या नकाशात सीटखाली कोंबड्यांच्या पाटीचा कप्पा आला. मी हसलो, तर म्हणाले, "कोंबडी मागं राहिली तर बाईही मागं राहील. बाईच मागं राहिली तर विमान कुणासाठी?"

दिल्लीच्या सरकारी कचेरीनं 'नमुना दाखवा, मग ठरवू' म्हटल्यावर त्यांनी दिघीच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी लाकडाची बैठक उभी केली. पंख नाहीत, इंजिन नाही, नुसती माणसं बसायची लांबोडकी खोली. वजनाचा तोल दाखवायला ती मधोमध एका आडव्या तुळईवर तोललेली. बघायला येणाऱ्या दिल्लीच्या साहेबांना पटलं तर विमान इथंच होणार होतं. नाही पटलं तर परदेशातल्या कंपनीचं बोलावणं तयारच होतं. त्या आठवड्यात अक्कानं तीन उपास केले. एरवी तिला एकादशीसुद्धा जड जायची.

साहेब आले, आणि बसून दाखवायला बोलावलेली दिघीची मंडळी नटूनथटून त्या लाकडी विमानात चढली. पण पुढच्या खुर्च्यांवर कुणी बसेना. "म्होरं पाटील बसत्यात. आमचा न्हाई तो मान," असं म्हणत गडी मागं सरकले. एका सुनेला पुढं बस म्हटलं, तर ती पदर सावरत म्हणाली, "मामंजी मागं हायेत. त्यास्नी पाठ दावू व्हय?" सगळ्या बायका शेपटाकडे दाटीवाटीनं बसल्या. पाटील काही आले नाहीत. शेपूट धाडकन खाली टेकलं, नाक आभाळाकडे गेलं, आणि आतून कुणीतरी ओरडलं, "उडालं की वो!"

साहेबांनी रुमालानं धूळ झटकली. "लोकांना नेमलेल्या जागी बसायची शिस्त लावा."

त्या क्षणी 'होय' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण या माणसाचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "अहो, हे मला ठाऊकच नव्हतं! पंख मागे घ्यायला हवेत. शिस्त विमानाला लावायची, साहेब. माणसं बसणार ती अशीच."

साहेब निघून गेले. तयार विमानं बाहेरून घ्यायची, असं दिल्लीत ठरलं. चिंचवडच्या स्टेशनावर निरोप देताना अक्का फक्त एवढंच म्हणाली, "भावोजी, तिथं जेवणाकडे लक्ष ठेवा."

तिकडे त्यांनी छोट्या गावांची विमानं केली, एकामागून एक, आणि ती चालली. इकडे येणं मात्र पुढं पुढं ढकललं गेलं. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि रागही येतो. दोन्ही खरं आहे. परदेशातून कुणी आलं की अक्का त्याला विचारायची, "आमच्या भावोजींच्या विमानात बसलात का?" एकदा शेजाऱ्यांचा भाचा म्हणाला, "बसलो ना! आजीला भेटून संध्याकाळी परत. तिथली माणसं अशीच जातात-येतात."

अक्कानं त्याला बळंच दुसरा लाडू वाढला. तो गेल्यावर बराच वेळ ती ताटल्या विसळत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सगळ्यांना घरी जायची सोय करून दिली रे त्यांनी. त्यांची स्वतःची तेवढी राहिली."