डाव्या दाराचं रबर

आमच्या गाडीच्या डाव्या दारातून पाणी आत यायचं. वडिलांनी ती कोयनानगरला असताना घेतली, तेव्हाही ती जुनीच होती. वडील धरणाच्या प्रकल्पावर फिटर होते. आई पुढे डावीकडे बसायची आणि तिच्या पायाखाली पोतं असायचं. पावसाळ्यात पाटण मागे पडलं की पोतं भिजायला लागायचं. आई ते खिडकीबाहेर पिळायची आणि म्हणायची, “एवढ्या मोठ्या धरणाचं पाणी अडवलंय तुमी. माज्या पायाखालचं तेवढं अडवंना व्हय?”

“धरणाच्या दारांना सरकारनं रबर दिलं हुतं,” वडील म्हणायचे. “मला कोन देतंय?”

निवृत्तीनंतर दोघं साताऱ्याला आले. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली आणि तिथेच राहिली. मग आईचं हृदयाचं दुखणं वाढलं. पायांवरची सूज उतरेना. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, कुठे न्यायचं असेल तर दिवाळीची वाट पाहू नका. आईला एकच जागा पाहायची होती, कोयनानगरचं आमचं क्वार्टर. मी भाड्याची गाडी सुचवली. वडिलांनी ऐकलं नाही. ते तिला म्हणाले, “आपल्याच गाडीतनं जायाचं. अन् पाय कोरडं ठिवून न्हेतो.”

गाडी सांगलीच्या एका मिस्त्रींकडे दिली. जुन्या गाड्या उभ्या करण्यात त्यांच्या घराण्याचा हातखंडा होता आणि ते तोंडाचे फटकळ होते. तळाच्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती. तो कापून नवा बसवला. रंग झाल्यावर बाहेरच्या चकचकीत पट्ट्या लावायच्या होत्या. हे काम वडिलांनी मागून घेतलं. पट्टीच्या प्रत्येक स्क्रूमागे पत्र्याला भोक असतं आणि पाणी तिथूनही आत उतरतं. म्हणून ते प्रत्येक स्क्रू काळ्या चिकट सिलंटमध्ये बुडवत, हातानेच आवळत आणि बाहेर आलेलं सिलंट बोटाने निपटून काढत.

“काका, गाडी हाय ही, पाणबुडी न्हाई,” मिस्त्री म्हणाले.

“बसणारीला इचारा.”

दारांची रबरं मिस्त्रींनी बसवली. आधी जुना गोंद खरवडला, मग रबर न ताणता चिकटवलं. परीक्षा खडूची होती. रबरावर खडू घासायचा, दार लावायचं, उघडायचं आणि गाडीच्या चौकटीवर उमटलेली रेघ बघायची. रेघ तुटली तर तिथे फट आहे. डाव्या दाराची रेघ पहिल्या खेपेला वरच्या कोपऱ्यात तुटली. रबर काढून परत बसवलं. दुसऱ्या खेपेला ती सलग आली. वडिलांनी चष्मा पुसून ती चारी बाजूंनी बघितली. घरी आल्यावर त्यांनी पोतं भंगारात टाकलं.

गाडी आणायच्या दिवशी आईने फडक्यात गुंडाळून घोड्याची नाल दिली. कोयनानगरला ती आमच्या उंबऱ्याला ठोकलेली होती. तिथे भूकंपाचे धक्के नेहमीचे. भिंतींना तडे गेले, घर उभं राहिलं, आणि त्याचं श्रेय आई नालेला देत असे. क्वार्टर सोडताना तिने ती उपसून आणली होती. “माज्या बाजूच्या उंबऱ्याला लावा,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी नाल हातात घेऊन वजन बघितलं. “काका, नाल पुढं बंपरला लावत्यात.”

“ती ट्रकवाल्यांची. ही घरातली हाय.”

मिस्त्रींनी ड्रिल उचललं. गाडी न्यायला आलेल्या माणसाची नाल परत करायची पद्धत नसावी. डाव्या दाराखालच्या कडेवर, म्हणजे दाराचं रबर जिथे टेकतं तिथेच, त्यांनी दोन भोकं पाडली. स्क्रू वडिलांनी सिलंटमध्ये बुडवून दिले. दार लावताना थोडा जोर द्यावा लागला. “नवं रबर हाय, बसंल हळूहळू,” मिस्त्री म्हणाले. नारळ फुटला, खोबरं वाटलं. खडू परत कुणी घेतला नाही.

ऑगस्टमध्ये आईला जरा बरं वाटलं आणि आम्ही निघालो. वडील चालवत होते, मी मागे. उंब्रजला भुरभुर होती, पाटणपासून पाऊस लागला तो थांबला नाही. वळणावळणाला वडील विचारत, “कोरडं हाय न्हवं?”

“हाय की.”

“बघ, बघ हात लावून.”

“आवं, पाय माजं हायत. मला कळतंय. तुमी रस्ता बघा.”

क्वार्टरची ओळ सापडली. आमच्या दाराला कुलूप होतं आणि पायरीवर शेवाळ. वडिलांनी छत्री उघडली, गाडीला वळसा घालून डावं दार उघडलं. मॅटवरचं पाणी कडेवरून त्यांच्या बुटांवर आलं. आईचे लोकरी मोजे घोट्यापर्यंत भिजले होते. नालेने रबर मध्ये उचलून धरलं होतं आणि तिच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट होती. स्क्रूंच्या भोकांतून एक थेंब आला नव्हता.

वडील छत्री धरून उभे राहिले. आई क्वार्टरकडे बघत होती.

“कोरडंच हाय,” ती म्हणाली. “चला, उतरवा मला.”

सुजेने तिच्या पायांची जाणीव गेली होती, की तिला सगळं कळत होतं, हे समजायला आता मार्ग नाही. धरणावरून टोमणा मारायची एवढी आयती संधी तिने पूर्वी कधी सोडली नव्हती. परतीच्या वाटेवर वडिलांनी काही विचारलं नाही.

आई दिवाळीच्या आधी गेली. तेरावं झाल्यावर वडिलांनी नाल काढली, दोन्ही भोकं सिलंटने भरली आणि स्वतः खडू फिरवला. रेघ सलग आली. गाडी तेव्हापासून शेडबाहेर गेलेली नाही. अधूनमधून ते नळी ओढून डाव्या दारावर पाणी सोडतात, मग उजवीकडून आत शिरून आईच्या जागेखालच्या मॅटवर तळहात फिरवतात.

“कोरडं हाय,” म्हणतात. मी शेजारी असलो, तरी ते माझ्याकडे बघून म्हणत नाहीत.