पंख्यात बसलेला कापूस

उशीची शिवण उसवून कापूस नाकात गेला की मला कामतघरच्या आमच्या जुन्या घरातली ती दुपार आठवते. खाली कापड विणायचे लूम धडधडत होते आणि वर माझा गेमिंगचा कॉम्प्युटर ऐन गेममध्ये सारखा हँग होत होता. माझा माणूस उडी मारता मारता हवेतच लटकायचा. संध्याकाळी आमच्या गल्लीच्या टीमची फायनल होती आणि हेडफोनमधून कॅप्टन वैतागत होता, "नाटकं नको करू रे, हरायला आलं की तुझं बरोबर हँग होतं." हरायला आलं की कॉम्प्युटर हँग झाल्यासारखी आवाज अडकल्याची नक्कल मी इतक्या वेळा केलेली की आता खरं बोललो तरी कोणाला पटेना. रिस्टार्ट मारला, वायरी काढून लावल्या, गेम परत टाकला, काही फरक न्हाय. बसवेना, उठवेना. शेवटी दुरुस्तीवाल्या चाचांना फोन लावला. "आवाज कैसा आता है?" मी तोंडानेच काढून दाखवला, घर्रर्र, खर्रर्र, टक्, आणि मग चूप. "चूप मतलब अंदर का पंखा बंद, मशीन गरम होके अटकती है. खोल उसको." झाकण काढलं तर पंख्यात लूमचा कापूस गच्च बसलेला. आई वाकून बघत म्हणाली, "याच्यात एक उशी भरंल रं." रंगाच्या जुन्या ब्रशने सगळं झाडलं आणि पंखा फिरला. फायनलमध्ये माझा माणूस उडी मारून झकास खाली उतरला आणि उतरल्या उतरल्या गोळी खाऊन मेला. कॅप्टन हळूच म्हणाला, "हँगच झाला असतास तर बरं होतं." आता ऑफिसात कोणी नक्कल कर म्हटलं की मी त्याच पंख्याचा आवाज काढतो. सगळे हसतात, पण टक् नंतर चूप झालो की मी अजून वाकून टेबलाखालचा कॉम्प्युटर चालू आहे ना ते बघतो.