सरपंचबाईंच्या तब्येतीची चौकशी

हिवाळ्यात माळवा बघायचा, हे आमचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी पुढे ढकललं जातं. यंदा देवासच्या माझ्या मामेभावाने, अविनाशदादाने, फोनवर बजावलं की तो आता रिटायर झालाय, या वर्षी आला नाहीत तर पुन्हा कधी बोलावणार नाही. मग निघालोच. नवऱ्याला, विवेकला, राजेरजवाड्यांचे महाल बघायचे होते आणि मला दादाकडचं जेवण जेवायचं होतं. लोकशाही बघायला आम्ही दोघांपैकी कोणीच निघालं नव्हतं.

नाशिकहून पहाटे निघालात तर धुळे, सेंधवा करत दुपारपर्यंत नर्मदा ओलांडता येते. रस्ता उत्तम आहे, फक्त बिजासनच्या घाटात ट्रकांच्या मागे संयम ठेवावा लागतो. गुजरीपाशी हमरस्ता सोडून धारकडे वळायचं. धारला आधी किल्ला बघा आणि मगच दालबाफले खा. तुपात बुडवलेले ते कणकेचे गोळे पोटात गेले की माणूस कुठलाच चढ चढू शकत नाही. मुक्काम मांडूला केला. हिवाळ्यात खोली आधी ठरवून ठेवा, खिशाला फार चटका बसत नाही. दुसऱ्या दिवशी महालांतून फिरताना विवेक म्हणाला की एका माणसाच्या मर्जीवर कारभार चालायचा, म्हणूनच कामं इतकी देखणी आणि झटपट व्हायची. त्याला दुजोरा द्यायला तिथे फक्त माकडं होती.

देवासला दादाने दारातच स्वागत केलं, "जावईबापू, पाट मांडलाय, हातपाय धुऊन सीधे बैठो." आमचं आजोळ मराठी सरदारांबरोबर इकडे आलेलं, त्यामुळे घरातलं मराठी निम्मं पणजोबांच्या वेळचं आणि निम्मं हिंदी. या एवढ्याशा गावाला एकेकाळी दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. दोघांचे महाल वेगळे, कारभार वेगळा. दादा हे अभिमानाने सांगत होता. तेव्हा मंगलवहिनी शांतपणे म्हणाली, "आमच्या पंचायतींत अजून दोनच असतात. एक निवडून आलेली आणि एक तिचा नवरा."

वहिनी खेड्यापाड्यांतल्या बायकांचे बचतगट उभे करायला मदत करते. दुसऱ्या दिवशी नेमावरला नर्मदेवर जायचं होतं. वाटेत बागलीच्या पुढे एका गावात पाच मिनिटांचं काम आहे, असं ती म्हणाली. हाटपिपल्याला पोहे-जलेबी खाऊन (पोह्यांवर शेव मागून घ्या) आम्ही त्या गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना तिथेच राहायचं आहे.

पंचायतीसमोर शंभरेक माणसं बसली होती, त्यांत बायका जास्त. विषय होता चरनोईचा, म्हणजे गावच्या गायरानाचा. ती जमीन कोणाच्या तरी गोदामासाठी द्यायची होती. ज्यांना शेत नाही त्यांच्या शेळ्या तिथेच चरतात. याआधी एका सभेत रामकुंवरबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईने याबद्दल प्रश्न विचारला होता, तर तिला पंचायतीकडून मिळणारं मजुरीचं काम बंद झालं. वहिनीने हे मला कानात सांगितलं.

खुर्चीवर एक रुबाबदार गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना 'सरपंच साहब' म्हणत होते. निवडून आल्या होत्या त्यांच्या पत्नी, गीताबाई. त्या कुठेच नव्हत्या. साहेबांनी बोलायला तोंड उघडलं की पुढे बसलेली रामकुंवरबाई हात जोडून विचारायची, "सरपंच आ गी क्या?" ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली, आवाज न चढवता. शेवटी साहेब म्हणाले की मीच सरपंच आहे असं समजा. त्यावर बायका पदराआड हसल्या. मग त्यांनी सांगितलं की गीताबाईंची तब्येत बरी नाही.

हे ऐकून बायकांना फारच काळजी वाटली. सगळ्या उठल्या आणि तब्येतीची चौकशी करायला निघाल्या. आम्हीही गेलो, पाहुण्यांनी आजाऱ्याला भेटायला जाणं इथल्या रीतीला धरूनच होतं.

गीताबाई चुलीपुढे बसून रोट्या शेकत होत्या. बायकांनी त्यांना बरं आहे ना, असं विचारलं. त्यांनी मान हलवली. मग कोणीतरी तवा उतरवला, कोणीतरी चुलीतली लाकडं मागे ओढली. तरी त्या उठेनात. रामकुंवरबाई त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "बेटी, हमने वोट तेरे को दिया हे."

गीताबाई पिठाच्या हातांनीच उठल्या.

सभेत साहेबांनी मोठ्या मनाने शेजारी प्लास्टिकची दुसरी खुर्ची मागवली. बायका खाली बसेनात. साहेब इकडेतिकडे बघत राहिले, पंचायतीच्या सचिवाने मान खाली घातली. शेवटी फोन आल्यासारखं करून साहेब उठले आणि पंचायतीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. गीताबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. मग त्यांनी घुंघटातूनच सांगितलं की ज्यांना चरनोई द्यायची आहे त्यांनी हात वर करा. थोडे हात वर झाले, सगळे खुर्चीच्या आसपासचे. ज्यांना द्यायची नाही, असं विचारल्यावर समोर एकदम बांगड्या वाजल्या. गीताबाईंनी एकदा दाराकडे बघितलं आणि आपलाही हात वर केला. त्यावर पीठ वाळलेलं होतं.

मी टाळ्या वाजवणार होते. वहिनीने माझा हात धरला. "आत्ता नको, तिला आज त्याच घरी जायचंय."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बायकांच्या मात्र आलं होतं. चौघी-पाचजणी गीताबाईंना घरी घेऊन गेल्या आणि अंगणात लसूण सोलत बसल्या. रामकुंवरबाई म्हणाली की आज मी इथेच जेवेन, उद्या दुसरी कोणी येईल. साहेब बाहेर फेऱ्या मारत होते. एवढ्या पाहुण्या घरात असताना माणूस ओरडणार तरी कसा?

नेमावरला पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. नर्मदेचा काठ आणि जुनं शिवमंदिर फार सुंदर आहे. तिथे सकाळीच जा, आमच्यासारखं करू नका. परतीच्या वाटेवर विवेकने विचारलं, "त्या बायकांना वकील वगैरे मिळवून देता येईल का?" वहिनी म्हणाली, लागेल तेव्हा सांगेन.

आता नाशिकला परत आलोय. लोकशाही धोक्यात आहे की नाही, यावर आमच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर रोज चर्चा चालते. बहुतेक जण ती जेवणानंतर वाचवतात. मीही वाचवायचे. हल्ली टाइप करायला घेतलं की ते पीठ लागलेले हात आठवतात आणि वाक्य अर्ध्यावर राहतं.

काल वहिनीचा फोन आला. गोदामाचा विषय पुन्हा आणला होता, या वेळी मुद्दाम हाटाच्या दिवशी, म्हणजे बायका बाजारात असतील. बायका बाजार सोडून आल्या. आणि त्यांच्याही आधी येऊन गीताबाई खुर्चीत बसल्या होत्या, एकट्या. गोदाम पुन्हा बारगळलं. रामकुंवरबाईला काम अजून मिळालेलं नाही, त्यासाठी पुढच्या सभेत बसायचं ठरलंय.

साहेबांचं काय, मी विचारलं. ते बाहेर ओट्यावर बसतात म्हणे. गाव अजून त्यांना 'सरपंच साहब'च म्हणतं, बायकासुद्धा. त्याला कोणाची हरकत नाही.