विलासची पेटी आणि भाच्याचं बोट

मास्तरांचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात भेंडी निवडत होतो. "सुधाकर, विलास गेला रे," ते म्हणाले. "सकाळी डायलिसिसला नेलं होतं उल्हासनगरला, तिथेच..." मी हातातली पिशवी खाली ठेवली. मास्तर मात्र थांबले नाहीत. "आणि ऐक ना, त्याची ती आवाजांची डिस्क घरीच असेल ना? नव्या लॅपटॉपवर काहीच वाजत नाहीये." माणूस अजून घरी आणला नव्हता आणि ह्यांना डिस्क हवी होती! मी फोन कट केला. काही आठवडे उलटले त्याला. राग उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

मास्तर म्हणजे आमच्या भीमगीतांच्या पार्टीचे मुख्य गायक. मी ढोलकीला, विलास कीबोर्डला. दिवसा केमिकल कंपनीत शिफ्ट करायचा आणि सुट्टीला आमच्याबरोबर. बाकीच्या पार्ट्या कीबोर्डमधलाच तयार हार्मोनियम वाजवायच्या. विलासला तो सहन व्हायचा नाही. "ही पेटी आहे की सायकलचा भोंगा?" म्हणायचा. त्याच्या वडिलांची जुनी पेटी घरात होती, आयुष्यभर विहारात वाजवलेली. मग उल्हासनगर कॅम्प दोनमधून पार्टीसाठी एक जुना लॅपटॉप आणला, त्यात स्टेजवर वाजवायचं सॉफ्टवेअर टाकलं, आणि ह्या पठ्ठ्यानं त्या पेटीचा एकेक स्वर माइक लावून रेकॉर्ड केला. मे महिना, पंखा बंद, खिडक्या बंद. त्याच्या बायकोला, शारदावहिनींना, कुकर लावायची बंदी. मी एकदा शिंकलो तर अंगावर धावून आला, "उठ सुध्या, बाहेर हो!" असे कितीतरी रविवार गेले. सगळे आवाज लॅपटॉपमध्ये भरले, आणि एक प्रत घरी वेगळ्या डिस्कवर ठेवली. पण नंतर कीबोर्डवर बोट ठेवलं की त्याच्या बापाची पेटी वाजायची... भाता ओढताना यायची ती बारीक धापसुद्धा यायची. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं पहिल्यांदा. हेही सांगायला हवं, नाहीतर मी एकतर्फी बोलतो म्हणतील.

पुढे बदलापूरला एक कार्यक्रम होता. आदल्या दिवशी लॅपटॉप अडकायला लागला म्हणून कॅम्प दोनच्या दुकानात दिला होता. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, टेन्शन मत लो, एकदम नया कर दिया." खरंच नवा करून दिला होता! स्टेजवर उघडला तर सगळ्या गाण्यांची सेटिंगं जागच्या जागी, नावंसुद्धा तीच, आणि कीबोर्ड दाबला की ठणठणाट. मास्तर घामाघूम. लोक शिट्ट्या मारायला लागले. विलास मात्र शांत. म्हणाला, "सेटिंगमध्ये आवाज नसतो रे. आवाज कुठे ठेवलाय, त्याचा पत्ता असतो नुसता. दुकानदारानं लॅपटॉपमधल्या डिस्कचं नाव बदललंय, म्हणून पत्ता चुकतोय." नाव पूर्वीसारखं केलं, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, आणि पेटी बोलायला लागली. त्या दिवशी मास्तरांनी त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली.

त्यानंतर विलासनं जे केलं तेच त्याच्या मुळावर आलं. पुन्हा अशी फजिती नको म्हणून त्यानं सगळं इतकं सोपं करून ठेवलं की शेंबड्या पोरालाही जमावं. प्रत्येक गाण्याचा आवाज, मास्तरांची पट्टी, कुठे किती मोठा, कुठे बारीक, सगळं गाण्यांच्या क्रमानं सेव्ह. पायाचं बटण दाबलं की पुढचं गाणं हजर. भोळा माणूस! तेवढ्यात किडनीचं दुखणं निघालं, डायलिसिस सुरू झालं, आणि मास्तर एक दिवस भाच्याला घेऊन आले. "विलास, तू आराम कर. आता काय, बटणच तर दाबायचं आहे!" भाचा दोन बोटांनी वाजवायचा. पण आवाज विलासचा, मग दोन बोटंही सुरेल वाटायची लोकांना.

मग भाच्याचे फोन सुरू झाले. काका, आवाज फाटतोय. काका, दाबल्यावर उशिरा येतोय. एकदा म्हणे मास्तरांची पट्टीच चढली, त्यांचा गळा बसायला आला. विलासनं चारच प्रश्न विचारले आणि हसायला लागला. भाच्यानं चालू गाण्यात काहीतरी फिरवून बघितलं होतं, आणि बंद करताना लॅपटॉपनं 'सेव्ह करू का' विचारलं तर बिनधास्त 'येस' दाबलं होतं. हे सगळं विलास पलंगावर पडून, हाताला डायलिसिसची पट्टी बांधलेली असताना निस्तरायचा. मी चिडायचो. "फोन उचलू नकोस त्यांचा! तुझी गरज नाही म्हणाले ना?" तो म्हणायचा, "पेटी बाबांची आहे रे सुध्या. बेसूर वाजली तर त्यांनाच लागेल." आणि एकदा, वहिनी आत असताना, हळूच म्हणाला, "मास्तरांना सांग ना, जयंतीला मला बसवा. आपल्या वस्तीत, एकदाच. एक गाणं वाजवेन, मग बसू दे भाच्याला." मी सांगितलं. मास्तर म्हणाले, "बघू."

जयंतीला त्याला बसवलं खरं... पण खाली, पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. शाल घातली, "आमचे जुने सहकारी" म्हणून टाळ्या मागितल्या. नवा शर्ट घालून आला होता बिचारा. तिसऱ्या की चौथ्या गाण्याला कीबोर्डचा आवाज गेला. मास्तर माइकवरच म्हणाले, "विलासभाऊ, जरा बघा हो." तो वहिनींचा हात धरून स्टेजवर चढला, खुर्चीत बसला, बघता बघता आवाज आणला. मग दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. मी ढोलकीवरून बघत होतो, सूर लावायच्या तयारीतच होता तो. भाचा मागून म्हणाला, "झालं ना काका? उठा, गाणं चालू करायचंय." मी ओरडलो, "अरे वाजवू दे त्याला!" मास्तरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पुढच्या गाण्याचं नाव पुकारलं. विलास उठला. पुन्हा कधी स्टेजवर चढला नाही. मी त्या रात्रीच पार्टी सोडली.

विलास गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी मास्तर विहारात भरभरून बोलले. विलास त्यांना धाकट्या भावासारखा होता म्हणे. जेवणाची पानं वाढत होती तेव्हा वहिनींजवळ गेले. जुना लॅपटॉप कायमचा बंद पडला होता, आणि भाच्यानं नव्यावर घेतली होती ती नुसती सेटिंगं, आवाज नाहीत. "वहिनी, तेवढी डिस्क दिली असती तर... धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम तोंडावर आलाय." शारदावहिनींनी वाढायचा डाव खाली ठेवला. म्हणाल्या, "ह्यांना विचारून सांगते." मास्तर काही न जेवता गेले. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, आता कळेल. बाजारचा भोंगा वाजवतील तेव्हा लोकच विचारतील, विलासची पेटी कुठे गेली?

कार्यक्रम झाला. मी मुद्दाम ऐकायला गेलो, लांब उभा राहून. कीबोर्डमधलाच आवाज होता, पत्र्यासारखा, भाच्याची तीच दोन बोटं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वन्स मोअरसुद्धा मिळाला. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "ह्यांची पेटी काय गोड वाजते, नाही?"

दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून विलासचा घरचा कीबोर्ड आहे, वर चादर टाकलेली. वहिनींनी विचारलं, "भावजी, काल ह्यांचा आवाज नव्हता ना?" मी म्हटलं, "नव्हता." "लोकांना कळलं?" खोटं बोलावं असं फार वाटलं मला... पण त्या बघत होत्या. "नाही, वहिनी. कुणालाच नाही."

वहिनी म्हणाल्या, "ह्यांना पहिल्याच सुराला कळलं असतं." आणि चादरीचं सरकलेलं टोक कीबोर्डवर नीट ओढून चहा ठेवायला आत गेल्या.