न सांगता सोललेलं संत्रं

कार्तिकातला दुसरा रविवार, दुपारचे तीन. ठिकाण केडगाव, आमचा हॉल. हजर: मी, वरच्या मजल्यावरची मैत्रीण, आणि दातांच्या कामासाठी खर्ड्याहून आलेली माझी मोठी जाऊ. गैरहजर: आमचे हे. एमआयडीसीत रविवारची ड्यूटी.

माझ्या सिनेमाच्या वहीत त्या दिवसाचं एवढंच आहे. त्याखाली सिनेमाची गोष्ट एका ओळीत: पोस्टातली बाई आणि शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, दोघंही पंचेचाळिशीचे, शेवटी एका घरात राहू लागतात.

मैत्रीण आणि मी महिन्यातून एकदा असाच सिनेमा लावतो. त्यातली माणसं आपल्यासारखी दिसतात, भांडी घासताना बोलतात, रुसली तरी दूध तापवतात. मला त्यात आवडतं ते एकच. बाई नळाची तोटी बदलत असते, माणूस टॉर्च धरतो, आणि तो कुठे धरायचा हे तिला सांगावं लागत नाही. त्या दिवशीच्या सिनेमात ती घरी आणलेले कागद तपासत होती. तो शेजारी बसून संत्रं सोलत होता, शिरा काढून एकेक फोड तिच्या डाव्या हाताशी ठेवत होता. ती वर न बघता खात होती.

जाऊबाई कंटाळल्या. "मारामारी न्हाई, गानं न्हाई. नुसती संत्री खात्यात. हिला काय हात न्हाईत व्हय?"

सिनेमा संपला की आमची एक रीत आहे. टीव्ही बंद करायचा, चहा घ्यायचा आणि प्रत्येकीने सांगायचं, यातलं मला काय हवं होतं. ते दाराबाहेर न्यायचं नाही, कागदावर तर नाहीच. मी किराणा, औषधं, गॅसचा नंबर, सगळं लिहून ठेवते, पण हे कधी लिहिलं नाही. जाऊबाईंना सिनेमातला माणूस नको होता, पण त्याने त्यांची मशीन दुरुस्त करून दिली तर चाललं असतं. मैत्रीण काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. मी म्हणाले, संत्रं.

पुढच्या आठवड्यात मी जेवणाच्या टेबलावर ऑफिसचे कागद पसरले होते. हे येऊन शेजारी बसले आणि संत्रं सोलायला लागले. शिरा नीट निघत नव्हत्या, पण काढत होते. फोडी माझ्या डाव्या हाताशी ठेवल्या. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर डोळे भरलेले दिसले असते. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर या माणसाला हे आपलं आपण सुचलं, असं मला वाटलं. त्यानंतर ते रिक्षा थांबते त्या कोपऱ्यावर मला घ्यायला येऊ लागले. जेवताना बातम्या बंद झाल्या. भाजी चांगली झाली, हेही न विचारता सांगितलं. मी ऑफिसात गुणगुणायला लागले होते.

मग एका सकाळी मशीनला कपडे लावण्याआधी खिसे तपासले. शर्टात चार घड्या घातलेला कागद होता. अक्षर मैत्रिणीचं. सोसायटीच्या फळ्यावरच्या सूचना तीच लिहिते, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न नव्हता. पाच मुद्दे होते, माझ्याच शब्दांत, वेगवेगळ्या रविवारी चहा पिताना बोललेले. पहिल्या चारांपुढे निळ्या पेनने बरोबरच्या खुणा. हे कारखान्यात मशीन तपासताना करतात तशाच.

कपडे तसेच ठेवून मी वर गेले. कागद तिच्यापुढे धरला. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"अगं, त्यांनीच येऊन विचारलं. हिला काय हवं असतं, मला कळत नाही म्हणाले. आणि झालं ना चांगलं? माणूस सुधारला."

"मला विचारायला त्यांना जिना चढावा लागत नव्हता," मी म्हणाले. "आणि तू माझं बोलणं लिहून दिलंस."

ती म्हणाली, मी उगाच वाढवतेय, दुसरी असती तर पेढे घेऊन आली असती. मी तिला एवढंच सांगितलं, की कागद मला सापडला, निदान एवढं तरी खाली यांना कळवू नकोस.

त्या महिन्यापासून सिनेमा बंद आहे. वहीतलं पुढचं पान कोरं आहे. संत्री घरात येतात, हे सोलतात, मी खाते. गोड असतात. पण फोड उचलताना मला निळी खूण दिसते. सिनेमातल्या बाईला कुणी वरून यादी देत नव्हतं, म्हणून तर मी ते बघत होते.

कागद मी होता तसा घडी घालून धुतलेल्या शर्टाच्या खिशात परत ठेवला. दर धुण्याला काढून बघते. पाचवा मुद्दा असा आहे: दिवस कसा गेला ते तिला विचारणे, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत उठून न जाणे. त्याच्यापुढे अजून खूण नाही.