पुंजाजीने तिखट सोडलं

पुंजाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. त्याच्या आणि माझ्या घराच्या मधे एकच भिंत. पलीकडे दगडी खलात मिरची, लसूण, मीठ कुटलं जायचं, त्या आवाजाने मी उठायचो. ठेचा तो स्वतः कुटायचा. बायकोला, सोजरबाईला, त्यात हात घालू देत नसे. आता पलीकडे चारला कोणी उठत नाही. तरी मला आवाज येतो.

रिसोडच्या बाजारात आम्ही एकवीस वर्षं हमाली केली. मी पोतं उचलून द्यायचो, तो पाठीवर घेऊन फळीवरून गाडीत चढायचा. पोतं घेताना आधी गुडघे वाकवायचा, मग कंबर. त्याने लावलेल्या थप्पीचे कोपरे एका रेषेत असत. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एकच पोतं फाटलं. तेही आधी उंदराने कुरतडलेलं.

दुपारी एकला जेवण. ज्वारीच्या दोन भाकरी, ठेचा, कांदा, ताक. ठेचा असा की शेजारी बसणारा खोकायचा.

"कानातून धूर निघून राह्यला बे तुह्या," मी म्हणायचो.

"इंजन हाय लेका. बिनाधुराचं माल वढते का?"

पंचेचाळिशीनंतर सगळ्यांचीच कंबर दुखायला लागली. टोळीत अंगदुखीच्या गोळ्या एकाच्या खिशात असत. तो खिसा माझा. गाडी लागली की काळ्या चहासोबत एक गोळी, मोठी गाडी असली की दोन. डॉक्टरला कोणी विचारलं नव्हतं. पुंजाजी मागत नसे. मीच त्याच्या हातावर ठेवायचो.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या पोटात आग पडू लागली. जेवला की बेंबीच्या वर हात दाबून बसायचा. टोळीने निकाल दिला, तिखटाने झालं. आमच्यात शपथ हुकावर घेतात. पोत्यात अडकवायचा लोखंडी हूक जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर उजवा हात. पुंजाजीने हात ठेवला तेव्हा तो हसत होता.

"सोडतो मिरची. पन भाकर कशी उतरन रे घशाखाली?"

"वरनभात खाय ना. मोठ्या सायबावानी."

दुसऱ्या दिवशी चारला आवाज आला नाही. मला उठायला उशीर झाला.

त्याने शब्द पाळला. भाकर खरंच उतरेना, म्हणून ती सुटली. भाकरीसोबतचं ताकही सुटलं. सोजरबाई वरण-भाताचा डबा द्यायची, तो अर्धा परत जायचा. पुढे दुपारी नुसता चहा आणि बिस्किटं. काम मात्र तेवढंच होतं, म्हणून गोळ्याही तेवढ्याच. आग थोडी कमी झाली होती. आम्हाला वाटलं, आपलं बरोबर निघालं.

सोयाबीनची आवक सुरू झाली. एका सकाळी पोतं घ्यायच्या आधी तो म्हणाला, "खेमा, संडासले काळं होऊन राह्यलं. डांबरावानी."

मी पोत्याचे कान धरून उभा होतो. मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

"जुनं तिखट आतमंदी जळून बसलं, ते निघून राह्यलं," मी म्हणालो. "चांगलंच हाय."

"असं म्हनतं?"

"असंच असते."

त्याने पाठ वाकवली. मी पोतं दिलं.

तिसऱ्या दिवशी तो फळीच्या मधोमध थांबला. पोतं पडू दिलं नाही. गुडघ्यावर बसला, पोतं फळीला टेकवलं, मग रक्त ओकला.

जीप करून अकोल्याला नेलं. रक्ताच्या पिशव्या लागल्या. डॉक्टर तरुण होत्या, सुकेशनी नावाच्या. त्यांनी विचारलं, "कोणत्या गोळ्या खात होते?" मी खिशातून पाकीट काढून दिलं. त्यांनी ते उलटं-सुलटं पाहिलं.

"किती वर्षं?"

"सहा-सात."

"उपाशीपोटी?"

मी सोजरबाईकडे पाहिलं. ती बाकावर बसली होती, सगळं ऐकत होती.

"आमी तिखट बंद केलं होतं," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, मिरचीने अशी जखम होत नाही. असलेल्या जखमेवर ती झोंबते. जखम केली या गोळ्यांनी आणि पोटातल्या एका जंतूने. सगळे जंतू वाईट नसतात. आतड्यात कोट्यवधी चांगले जंतू असतात, ते पोट राखतात. ज्वारीचा कोंडा, डाळ, कांदा हे त्यांचं खाणं. ताकातूनही चांगले जंतू पोटात जातात. तिखट अति झालं तर आतड्याला त्रास होतो, बेताचं असलं तर बहुतेकांना सोसतं. तुम्ही तिखटाबरोबर त्या जंतूंची भाकरसुद्धा बंद केली. गोळी तेवढी ठेवली."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुंजाजी गेला. जाताना मला काही बोलला नाही. बोलला असता तर ते तरी धरून बसता आलं असतं. माझ्यापाशी फक्त "असं म्हनतं?" उरलं आहे.

तेरवी झाल्यावर त्याची त्या हंगामाची हमाली घेऊन मी सोजरबाईकडे गेलो. तिने पैसे घेतले, मांडीवर ठेवले.

"भाऊजी, तुमचं पोट दुखते ना?"

"नाई."

"तेरवीच्या पंगतीत पायलं म्या, तुमचा हात कुठी जाऊन राह्यला ते. गोळी तुमीबी खाल्ली ना?"

तिने पैसे माझ्यापुढे सरकवले. "जा अकोल्याले. पोटात दुर्बीन घालून तपासून घ्या."

"वहिनी, त्यानं रगत आटवून कमावलं. ते माह्यावर घालता? मी त्याले..."

"मले मालूम हाय तुमी काय केलं. बाजूलेच बसली होती मी." ती उठली आणि चुलीत लाकूड सारलं. "काळं तोंड घेऊन माह्यापुढं रडू नका. अजून एक मानूस तसाच मेला तर मी कोनाले इचारू?"

मी गेलो. तपासणीच्या खिडकीवर पुंजाजीने फळी चढून कमावलेले पैसे मोजून दिले. दुर्बीण आत गेली. जखम निघाली, जंतूही तोच निघाला. चौदा दिवसांच्या औषधाचे पैसेही त्यातच भागले.