दोन माठ

निवृत्तीनंतर गावी परतायचं, हा हट्ट माझा होता. बायकोला बुलढाण्यातच राहायचं होतं. तीस वर्षं आम्ही तिथं काढली. मी शाळेत मास्तर, ती एका कचेरीत कारकून. डोंगरावरचं गाव, उन्हाळ्यातही संध्याकाळी गार वारा, पाणी गोड. सगळं सोडून खाली कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. पण वरवट बकालला माझ्या वाटणीची जागा होती, मागे मोकळं अंगण होतं, आणि माझं आपलं एकच टुमणं. ती त्याच भागातली, तीन-चार कोसांवरच्या खेड्यात जन्मलेली. तिला तिथलं सगळं ठाऊक होतं. मी तिला पटवायला म्हणालो, तिथं तुझी बाग करू. बुलढाण्याच्या भाड्याच्या खोल्यांत तिनं डालड्याच्या डब्यांत झाडं लावली होती, म्हणून हे बोललो. ती आली.

आमचा हा पट्टा खारपाणाचा. विहीर खणा, बोअर घ्या, पाणी लागतं, पण जिभेला मचूळ. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. प्यायला धरणाचं गोडं पाणी नळाला येतं, पण ते चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. ते ड्रम भरून ठेवायचं आणि जपून वापरायचं, ही इथली रीत.

आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिनं सायकल शिकायचं ठरवलं. आयुष्यभर ती कचेरीत पायी गेली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेच्या मैदानावर मी मागून कॅरिअर धरून पळायचो आणि ती पुढे बघायचं सोडून मागे बघायची, मी हात सोडला की काय म्हणून. तीनदा पडली. ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मैदानाशेजारी राहणारी माझी चुलती म्हणाली, सुनेले या वयात काय खूळ लागलं. महिन्याभरात ती मला मागे टाकायला लागली.

मग रोज सकाळी आम्ही सोनाळ्याच्या रस्त्याला लागायचो. समोर सातपुडा, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मध्ये तुरीचे पट्टे. तिच्या सायकलला पुढे टोपली होती. कुणाच्या दारात चांगलं झाड दिसलं की ती उतरायची, ओळख नसली तरी बोलायला लागायची आणि फांदी घेऊन यायची. मला लाज वाटायची. मी पुढे जाऊन पुलावर थांबायचो. ती टोपलीत मोगरा, जास्वंद, काहीबाही घेऊन हसत यायची. माणसं चांगली आहेत हो, म्हणायची.

पहिल्या वर्षी बाग जळाली. विहिरीच्या पाण्यानं पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरा थर आला. लोक म्हणाले, इथं बोर आणि निंब सोडून काही जगत नाही. दुसऱ्या वर्षी तिनं खड्डे खोल केले, शेणखत घातलं, आणि लिंबोणीला नवी पालवी आली. मोगरा फुलला. कढीपत्ता तर कंबरेएवढा झाला. मला वाटलं, खताचा गुण. कुणी घरी आलं की मी आधी त्याला मागे न्यायचो आणि म्हणायचो, पाहा, खारपाणात बाग केली आम्ही. ती मागे उभी राहायची.

अशी चार वर्षं गेली. ती आमची चांगली वर्षं होती.

मग ती चढावर उतरून सायकल हातात धरायला लागली. पुढे सपाट रस्त्यावरही. संध्याकाळी पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटायचा आणि सकाळपर्यंत जायचा नाही. जेवणावरची वासना गेली, अंगाला खाज सुटायची. वय झालं, असं ती म्हणत राहिली आणि मीही ते मानून घेतलं. चेहरा सुजला तेव्हा तिला खामगावला नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या आहेत. खाली मान घालून कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, पाणी कोणतं पिता?

मी लगेच सांगितलं, नळाचं, गोडं. आम्ही विहिरीच्या पाण्याला तोंड लावत नाही.

ती म्हणाली, "हे नळाचं पेतात. मी इहिरीचं पेते."

आमच्या घरात दोन माठ होते. एक बाहेरच्या खोलीत, माझ्यासाठी आणि आल्यागेल्यासाठी. दुसरा लहान, स्वयंपाकघरात चुलीच्या ओट्याखाली. तो मी रोज पाहत होतो, पण त्यातलं पाणी मी कधी प्यालो नव्हतो. पुरुषाला स्वयंपाकघरातला माठ कशाला लागतो? तिच्या वाट्याचं गोडं पाणी ती सकाळी मी वर्तमानपत्र वाचत असताना झाडांना घालायची आणि स्वतः खारं प्यायची. चार वर्षं.

डॉक्टरांनी सांगितलं की पाण्यानंच झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. रक्तदाब जुना होता, गुडघ्यासाठी गोळ्याही पुष्कळ घेतल्या होत्या, लहानपण याच पाण्यावर गेलं होतं. त्यांनी माझ्यावर दया केली असेल किंवा खरंच सांगितलं असेल. मला ते वाक्य धरताही आलं नाही आणि सोडताही.

परतताना बसमध्ये शेगाव आल्यावर मी तिच्याकडे वळलो. मग विचारलं, "काऊन केलं तू असं?"

"झाडाइले खारं सोसत नाही," ती म्हणाली. "मले सोसते, असं वाटलं. मी त याच पाण्यावर वाढली." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी लोकाइले सांगत होते, पाहा आमची बाग. मग मी काय करू?"

त्या बोलण्यात राग नव्हता.

खामगावला डायलिसिस सुरू झालं. मंगळवार आणि शुक्रवार. मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून डाव्या हाताची शीर धमनीला जोडून घेतली. तिथं बोट ठेवलं की आत भुंगा अडकल्यासारखी थरथर लागते. त्या हातानं वजन उचलायचं नाही. मधल्या दिवसांत ती तरीही हट्टानं सायकल काढायची, एका हातावर भार देऊन. एकदा शाळेपुढेच चक्कर येऊन पडली. लोकांनी उचलून घरी आणली. त्यानंतर तिनं आपली सायकल अंगणवाडीतल्या बाईंना देऊन टाकली. त्यांना रोज दूरच्या वस्तीवर जावं लागतं. सायकल जाताना ती बाहेर आली नाही.

मी घरात शुद्ध पाण्याचे कॅन लावले. स्वयंपाकघरातला माठ काढला. आता घरात गोडं पाणी हवं तेवढं होतं आणि तिला ते प्यायची बंदी होती. दिवसाला एक लहान तांब्या, त्यातच चहा आणि गोळ्या. मे महिन्यात ती चूळ भरायची, पाणी तोंडात घोळवायची आणि थुंकून द्यायची. ती समोर असली की मी पाणी पीत नसे. तिला ते कळलं. म्हणाली, "माह्या पुढं प्या. लपून पेता ते मले जास्त लागते."

मी माझी किडनी द्यायला निघालो. मला साखर आहे, तपासणीतच नाही म्हणाले. मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, माझी घ्या. तिनं त्याला जवळ बसवलं.

"तुह्या दोन पोरी हायेत. त्याइले बाप साबूत पाह्यजे."

"आणि मला आई नको का?" तो म्हणाला.

"तुले पस्तीस वर्षं भेटली ना आई."

तो दोन दिवस समजावत राहिला. ती तपासणीला यायलाच तयार नव्हती. तो रागानं गेला. आता रोज फोन करतो, पण तो विषय काढत नाही.

सायकलवर मी एकट्यानं जावं, असा तिचा आग्रह होता. आल्यावर काय काय दिसलं ते सांगजा, म्हणाली. सुरुवातीला मी गेलो. पऱ्हाटीला बोंड आलं, अमक्याची तूर वाळली, असं खरं खरं सांगितलं. मग जमेना. फाट्यापर्यंत जायचो, चहाच्या टपरीमागे बाकावर अर्धा-पाऊण तास बसायचो आणि घरी येऊन रचून सांगायचो. बरेच दिवस असं चाललं. एकदा मी सांगितलं की पुलाजवळच्या घरासमोरची जास्वंद फार फुलली आहे. ती म्हणाली, "ते घर त मागच्या महिन्यात पाडलं. अंगणवाडीवाली सांगत होती." तिनं माझ्यापुढे जेवणाचं ताट सरकवलं. त्यानंतर तिनं मला जायला सांगितलं नाही आणि मी गेलो नाही.

बाग मी राखायचा प्रयत्न केला. कॅनमधलं उरलेलं पाणी घातलं, विहिरीचंही घातलं. मोगरा या उन्हाळ्यात गेला, लिंबू त्याआधीच. ती अंगणात यायची बंद झाली आहे. एकदा मीच म्हणालो, चल, परत बुलढाण्याला जाऊ, हवा तरी गार आहे. ती म्हणाली, "आता काऊन? तिथचं पाणी बी मले पेता येत नाही."

हृदय कमजोर झालं आहे, असं आता डॉक्टर म्हणतात. आठवड्यातून दोनदा पुरत नाही, तीनदा करावं लागेल. तिनं नाही म्हणून सांगितलं. मी एकदा विनवलं, दुसऱ्यांदा माझी हिंमत झाली नाही. आठवड्यातलं तिसरं डायलिसिस न केल्यानं काय होईल, ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आहे. तिला वेगळं सांगायची गरज नाही, ती माझ्या तोंडाकडे बघून समजली.

गेल्या शुक्रवारी रक्तदाब उतरला म्हणून मशीन मध्येच बंद केलं. आम्ही वेळेआधी सुटलो. खामगावच्या स्टँडवर बस लागायला अवकाश होता. ती बाकावर बसली, डोकं भिंतीला टेकवून. मी विचारलं, काही खाशील का. नाही म्हणाली. तुमी खा, सकाळपासून उपाशी हायेत. मी केळी आणली आणि तिच्या शेजारी बसून खाल्ली. बस लागली तेव्हा तिला उठवायला मला दोनदा हात द्यावा लागला. मंगळवारी परत जायचं आहे.